खोक्यात आहे तेच चिठ्ठीवर

१

वाचनालयात तिला सगळे मोजबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठ वळली की. तिला ते ठाऊक होतं आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. पुस्तकांच्या दालनामागे एक लांबट खोली होती. घरी नेऊन खेळायच्या खेळांची दोनशेच्या वर खोकी तिथे कपाटांत रचलेली होती, आणि ती सांभाळायची म्हणजे मोजायचीच. पुस्तक परत आलं की पानं चाळून बघितली, झालं. खेळाचं तसं नसतं. एक फासा कुणाच्या सोफ्याखाली राहिला की पुढच्या घराच्या अख्ख्या सुट्टीचा विचका होतो.

तिची पद्धत ठरलेली होती. आलेलं खोकं टेबलावरच्या हिरव्या कापडावर उपडं करायचं, एकेक वस्तू बोटाने सरकवत मोजायची आणि झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीशी ताडून बघायची. पट एक, फासे दोन, सोंगट्या अमुक. फरक निघाला तर नवी चिठ्ठी. पण चिठ्ठी ती स्वतः लिहीत नसे. कोरी चिठ्ठी आणि पेन ती न बघताच डावीकडे पुढे करायची, आणि डावीकडच्या स्टुलावर बसलेले तिचे वडील ती लिहून द्यायचे. अण्णांनी उभा जन्म छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवला होता. आता ते लेकीबरोबर वाचनालयात यायचे, पेपर वाचायचे आणि चिठ्ठ्या लिहायचे. त्यांचा आकडासुद्धा छापल्यासारखा येई. तिचं अक्षर डॉक्टरांच्या वळणाचं, औषधवाल्यालाच कळावं असं.

त्या शनिवारी दुपारी एक जुनं खोकं परत आलं. खेळ साधा होता. पटाच्या मधोमध जंगल, चार कोपऱ्यांत चार घरं आणि लाकडाची चार चिमुकली माणसं. ज्याने त्याने आपलं माणूस जंगलातून मिळेल त्या मोकळ्या घरात न्यायचं, एका घरात एकच. तिच्या घरी हा खेळ सगळ्यांचा लाडका होता, परत आला की रविवारसाठी ती तो घरी न्यायची. लाल माणूस तिच्या नवऱ्याचं, पिवळं मुलीचं, निळं तिचं. चौथ्याचा रंग कधीच उडून गेला होता, उरलं होतं नुसतं लाकूड. ते अण्णांचं. खेळताना ते त्याला अंगठ्याने सारखे चोळत बसायचे.

तिने कापडावर मोजलं. लाल, निळं, पिवळं, बिनरंगाचं. आणि आणखी एक बिनरंगाचं.

"अण्णा, पाच," ती म्हणाली आणि चिठ्ठी पुढे केली.

अण्णांनी पेन घेतलं नाही. "चार होती."

"आता पाच आहेत."

"मग दुसऱ्या कुठल्या खेळातलं आलं असेल. डब्यात टाक." खिडकीत एक पत्र्याचा डबा असायचा, कोणत्याच खोक्याची नसलेली सोंगटी त्यात जायची. झाकणावर अण्णांनीच लिहिलं होतं, 'बेवारस'.

"दुसऱ्या कुठल्या? बाकी सगळ्यांचा हिशोब जुळतोय. शिवाय घडण हुबेहूब तीच आहे. खोक्यात आहे तेच चिठ्ठीवर, हे तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"पटावर घरं किती आहेत ते बघ आधी."

घरं चार होती. पण ती शनिवारची वेळ होती, बाहेर सहा माणसं ताटकळत उभी होती आणि मोजणीत आपण चुकत नाही याचा तिला थोडा ताठाही होता. "तुमचीच नजर चुकली असेल तेव्हा," ती म्हणाली. "वय झालं की होतं असं."

 अण्णांनी चष्मा काढून पुसला. त्याची एक काडी नातीने निळ्या दोऱ्याने बांधून दिलेली होती. आणि तिने, कधी नव्हे ते, स्वतःच पेन घेऊन त्यांच्या सुरेख चारवर काट मारली आणि बाजूला आपला वेडावाकडा पाच लिहिला.

२

रविवारची दुपार त्यांच्या घरात पक्की होती. जेवणं उरकली, टेबल पुसलं, की आधी खेळ आणि मग अण्णांचं वाचन. बाहेरचं कुणी भेटायला आलं तर त्यालाही फासा हातात देऊन बसवत. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि आठवडाभर इमारतींच्या पोटात वर-खाली करून आला, तरी रविवारी पटावर पुढे-मागे करायला एका पायावर तयार असायचा. मुलगी अकरा वर्षांची, गोल चेहऱ्याची. लहानपणी तिने बटण गिळलं होतं, तेव्हापासून तिचं नाव बटणच पडलं.

"पाचवं कोणाचं?" बटणने विचारलं.

"कुणाचंच नाही. ठेव खोक्यात," अण्णा म्हणाले.

"असं कसं? खोक्यात आहे म्हणजे खेळणार. हे पाहुण्याचं. त्याचा फासा आपण आळीपाळीने टाकू."

नवऱ्याला ती कल्पना फारच आवडली. खेळ सुरू झाला. पाहुण्याला दान चांगलं पडत होतं. त्यात विशेष काही नव्हतं, फासा आहे, पडतो कुणाला तरी. एकेक माणूस घरी पोचलं. लाल, पिवळं, मग पाहुण्याचं, मग निळं. अण्णांचं माणूस जंगलात उभं राहिलं. पुढे चाल होती, पण जायला घर नव्हतं.

"आजोबा हरले," बटणने टाळ्या पिटल्या. अण्णा हसले, पण ते माणूस उचलून त्यांनी मुठीत धरलं आणि वाचन सुरू होईपर्यंत सोडलं नाही.

अण्णांचं वाचन म्हणजे एकपात्री नाटक असे. राक्षसाला एक आवाज, म्हातारीला एक, पोपटाला तर असा की शेजारची माणसं खिडकीत येत. त्या दिवशी गोष्टीतल्या राक्षसाची दाढ दुखत होती आणि अण्णा गाल धरून असे काही विव्हळले की सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली. नवरा हसला, बटण खिदळली, ती स्वतः डोळे पुसत होती.

मग हसणं थांबलं. आणि त्यानंतर, म्हणजे एखादा श्वास घेऊन सोडावा इतक्या वेळानंतर, कुणीतरी हसलं. हलकं, शहाण्यासारखं. विनोद नीट कळायला ज्याला जरा वेळ लागतो, अशा माणसाचं हसू.

तिने बटणकडे बघितलं. बटण पुस्तकातलं चित्र बघत होती. शेजारच्या घरातला आवाज असणार, ती मनाशी म्हणाली. भिंती काय, पापडाच्या तर असतात हल्ली.

अण्णांनी मात्र पान उलटलं नव्हतं. चष्म्यावरून ते खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते.

३

पुढे जे झालं ते इतक्या बेताबेताने झालं की कुठे हरकत घ्यावी तेच तिला कळेना.

आधी खुर्ची आली. नवऱ्याने ती आतल्या खोलीतून आणून खिडकीजवळ ठेवली. त्या कोपऱ्यालगत अण्णांची खुर्ची असायची, ती थोडी सरकली. पुढच्या रविवारी आणखी सरकली. तिसऱ्या रविवारी अण्णा दाराजवळच्या स्टुलावर बसलेले होते आणि खिडकीच्या खुर्चीतली उशी मधोमध खोल दबलेली होती.

मग कप आले. चहा गाळताना तिने चार कप मांडले तर नवऱ्याने सहज पाचवा पुढे सरकवला. "त्यांचा राहिला," तो म्हणाला.

"कुणाचा?"

"अगं, त्यांचा." आणि त्याने मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट बसवावं इतक्या साधेपणाने खिडकीकडे मान हलवली.

ही बापलेकीची काहीतरी गंमत चालली आहे, असं तिने ठरवलं. दोघं एकत्र आली की तिला बकरा बनवण्यात पटाईत होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आठवडाभर एका खोट्या मांजराला नाव ठेवून तिला घरभर शोधायला लावलं होतं. तशीच ही. पण त्या मांजराने कधी दूध संपवलं नव्हतं. इथे तिने पाच कप भरले आणि पाच रिकामे कप विसळले.

ती मोजबाई होती. शंका आली की मोजायचं, एवढंच तिला येत होतं. चौथ्या रविवारी चादर घडी करायच्या मिषाने ती टेबलाभोवती फिरली आणि तिने खोक्यातल्या वस्तू मोजाव्यात तसं प्रत्येकाच्या खांद्याला बोट लावलं. नवरा एक. बटण दोन. अण्णा तीन. ती स्वतः चार. खिडकीच्या खुर्चीपाशी ती थांबली. खुर्ची रिकामी होती. उन्हाचा एक पट्टा खुर्चीच्या पाठीवर पडला होता. तिथे बोट लावायला तिचा हात धजावला नाही, का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"चारच आहोत आपण," ती मोठ्याने म्हणाली.

बटणने तिच्याकडे बघितलं. चेष्टेचा मागमूस नव्हता त्या तोंडावर, उलट आईला चारचौघांत सांभाळून घ्यावं असा भाव होता. "आई," ती हळूच म्हणाली, "त्यांच्यासमोर कशाला?"

तेवढ्यात फासा घरंगळून टेबलाखाली गेला. सुटकेचं निमित्त मिळाल्यासारखी ती खाली वाकली. खाली अर्धवट अंधार होता, पायांची गर्दी होती. नवऱ्याचे जाड घोट्यांचे पाय. बटणचे जमिनीला न टेकणारे. पलीकडे स्टुलाखाली अण्णांचे अनवाणी पाय, टाचा भेगाळलेल्या. आणि खिडकीकडच्या बाजूला, एकमेकांना चिकटवून नीट ठेवलेले, राखाडी मोज्यांतले दोन पाय.

डाव्या मोज्याच्या अंगठ्यावर तपकिरी लोकरीचा रफू होता. रफू तिने स्वतः केला होता. गेल्या थंडीत, अण्णांसाठी.

ती फासा न घेताच वर आली. खुर्चीवर उन्हाचा पट्टा तसाच होता. पटावर पाहुण्याचं माणूस नुकतंच घरात शिरलं होतं आणि अण्णांचं जंगलात उभं होतं.

४

त्या संध्याकाळी अण्णा स्वयंपाकघरात तिच्यामागे येऊन उभे राहिले. ते आल्याचं तिला त्यांच्या बामाच्या वासावरून कळलं. अंगठ्याचा सांधा दुखायचा म्हणून ते दिवसातून दोनदा बाम चोळत.

"तुला दिसतात का गं ते?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"मला जागा कमी पडते, तेवढं कळतं." त्यांनी अंगठा चोळला. "काल जावईबापूंनी मला हाक मारली तेव्हा नाव आठवायला त्यांना वेळ लागला. म्हणजे मलाच तसं वाटलं असेल. बटणने आज गोष्टीचं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि तिकडे नेऊन दिलं. मी म्हटलं, असू दे."

 इतके दिवस तिने ज्याला गंमत म्हणून ढकललं होतं, ते ह्या म्हाताऱ्या माणसाने एकट्याने सोसलं होतं. आणि त्याला तिने नजर चुकली म्हणून सांगितलं होतं.

"चार होती, अण्णा. तुम्ही बरोबर होतात. माझंच चुकलं."

"मग चार कर," अण्णा म्हणाले. रागावले नव्हते, कामाची आठवण करून द्यावी तसं म्हणाले. "फक्त नीट बघून काढ. दोन्ही एकसारखी आहेत."

सोमवारी ती खोकं घेऊन वाचनालयात गेली. तिला असलं काम कामाच्या जागीच सुचायचं. अण्णा बरोबर आले नाहीत, पाय दुखतो म्हणाले. दुपारी गर्दी ओसरल्यावर तिने दार लोटलं, हिरवं कापड झटकून पसरलं आणि खोकं उपडं केलं.

दोन बिनरंगाची माणसं तिने शेजारी शेजारी उभी केली. पहिल्या दिवशी त्यांतलं एक नक्की कोरं होतं. आता दोघांच्या पोटावर अंगठ्याने चोळून चोळून पडलेला एकसारखा गुळगुळीत खळगा होता. नाकाशी धरली तर दोघांनाही बामाचा वास. भिंग लावून बघितलं, वजनकाट्यावर ठेवून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मोजून भागणार नव्हतं, ओळखायचं होतं, आणि ते तिला जमत नव्हतं. एकाच्या तळाला नखाने ओढावी तशी बारीक रेघ होती. दुसऱ्याचा तळ सपाट होता.

अण्णांना विचारावं. तिने घरी फोन लावला. अण्णा फोनवर नेहमी नदीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तसे ओरडत. तीनदा हॅलो म्हटल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. म्हणून तिने सवयीने फोन कानापासून जरा लांब धरला.

"हं," पलीकडून हलकेच आवाज आला.

"अण्णा, तुमच्या माणसाच्या तळाला रेघ आहे का हो? आठवतंय का काही?"

पलीकडे एक श्वास घेऊन सोडावा इतका वेळ गेला.

"रेघ आहे," आवाज म्हणाला. "रेघेचं ठेव."

थकलेत बिचारे, तिला वाटलं. एकदा त्यांचं ऐकलं नाही म्हणून एवढं सगळं झालं. आता पुन्हा वाद घालायचा नाही, ते म्हणतील तसंच करायचं. तिने रेघेचं माणूस खोक्यात ठेवलं आणि सपाट तळाचं पत्र्याच्या डब्यात टाकलं. ते पडताना टण्णकन वाजलं. मग तिने नवी चिठ्ठी घेतली आणि जमेल तितक्या नीट अक्षरात सोंगट्यांपुढे चार लिहिलं.

खोकं बंद केलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी खोली खोलीएवढी वाटली.

५

घरी पोचली तेव्हा टेबलावर चार कप होते. तिने ते दारातूनच मोजले आणि तिला हसू आलं. कसली एवढी घालमेल होत होती आपली, तेही तिला नीट आठवेना. नवरा लिफ्टच्या कुठल्याशा तारेवर तोंडसुख घेत होता, बटण अभ्यास करत होती आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले होते, नेहमीसारखे, पाय जुळवून.

रविवारी खेळ झाला. चार माणसं, चार घरं, सगळी वेळेत पोचली. मग त्यांनी पुस्तक उघडलं आणि गोष्ट पुढे वाचायला घेतली. ते चांगलं वाचत. एका आवाजात, न अडखळता, चष्म्याशिवाय. राक्षस बोलला, म्हातारी बोलली, पोपट बोलला.

बटण थोडा वेळ ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "आई, आधी कुणीतरी राक्षसाचा आवाज काढायचं ना? गाल धरून?"

"शाळेत असेल," नवरा म्हणाला.

"शाळेतच असेल," ती म्हणाली. आणि का ते न कळताच ती चादरीच्या घड्या घालायला उठली. दाराजवळ एक स्टूल होतं, त्यावर कुणी बसत नसे. त्याच्याखाली तिला चष्मा सापडला. जुनी जाड भिंगं, एक काडी निळ्या दोऱ्याने बांधलेली.

"हा कोणाचा?"

नवऱ्याने हातात घेऊन बघितला आणि परत दिला. बटणने दोऱ्याची गाठ निरखली. "अशी गाठ मला येते," ती म्हणाली, पण पुढे तिला काही सुचलं नाही. खिडकीतून ते तिच्याकडे बघत होते. गोष्टीतला विनोद मघाच होऊन गेला होता, आणि ते आत्ता हसले.

सोमवारी तिने खेळाच्या खोक्याबरोबर चष्माही वाचनालयात नेला. कुणा सभासदाचा चुकून खोक्यातून घरी आला असेल. सापडलेल्या वस्तूंनाही चिठ्ठी लावायची असते. त्याआधी एक खोकं तपासायचं होतं, तिने ते उघडलं आणि झाकणातल्या चिठ्ठीकडे पहिल्यांदाच बघावं तशी बघत राहिली. काय सुरेख अक्षर होतं. तिने दुसरं खोकं उघडलं. तेच अक्षर. कपाटातली पंधरा-वीस खोकी तिने काढली. सगळ्यांत तेच, छापल्यासारखं.

"ह्या चिठ्ठ्या कोण लिहायचं हो?" तिने दारातून जाणाऱ्या ग्रंथपालांना विचारलं.

"तुमच्या आधीचं कुणीतरी असेल," ते म्हणाले आणि आपल्या कामाला गेले.

पण तिच्या आधी कुणी नव्हतं. हे दालन तिनेच सुरू केलं होतं. तिने खिडकीतला डबा ओढला, त्याच्यावरही तेच अक्षर. आत सगळ्यांत वर एक बिनरंगाचं माणूस होतं, पोटावर खळगा पडलेलं. तिचा अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला. तिने तो नाकाशी नेला. बामाचा वास होता. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते तिने पुसलं नाही. हे कुठल्या खोक्यातलं असेल, ती विचार करू लागली. एका खोक्यावर तिची नजर दोनदा गेली. ते तिने उघडून बघितलं. चिठ्ठीवर तिच्याच गिचमिड अक्षरात चार लिहिलं होतं, खोक्यातही चार होती. सगळं जुळत होतं.

तिने चष्मा हिरव्या कापडावर ठेवला. मोजला, एक. कोरी चिठ्ठी फाडली आणि पेनासकट, न बघता, डावीकडे पुढे केली.

स्टूल रिकामं होतं. तिने हात मागे घेतला नाही. बाहेर कुणीतरी घंटी वाजवली, पुन्हा वाजवली. तरी ती तशीच बसून राहिली, चिठ्ठी आणि पेन पुढे धरून, कुणीतरी आत्ता ते हातातून घेईल म्हणून.